नानाची भाऊबीज

"आधी नळ घास. राखेनं घास. मग पाणी भर."

वकिलीणबाई पायरीवर उभ्या होत्या, मी खाली. माझी घागर त्यांच्या गड्यानं लाथेनं उडवली होती. ती घरंगळत गटारीच्या कडेला जाऊन पडली होती. मी तोटीला नुसता हात लावला होता. तेवढ्यानं नळ बाटला.

नळ सरकारी होता. सगळ्या वस्तीसाठी होता. पण वकिलांच्या बंगल्याच्या भिंतीला लागून होता, म्हणून वकिलांचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सांगोल्याकडून सोलापुरात आलो. बाप गेला होता, मेंढरं विकली होती. राहिलो आई, दादा आणि मी. मिलच्या मागं झोपडी टाकली. शहरात आमची नावं कुणी विचारली नाहीत. 'मेंढक्याची' म्हणायचे, बस. त्या दिवशी वकिलीणबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "वास येतो यांच्या अंगाला. कितीही धुवा."

मी नळ घासला. भ्यायले होते म्हणून घासला. तेरा वर्षांची होते. शेजारी आई उभी होती, तोंडात पदराचा बोळा धरून. मी तिच्याकडं बघितलं, वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती माझ्यापेक्षा जास्त भ्यायली होती. मी आणखी जोरात घासायला लागले.

ही गोष्ट कुणीतरी नानाच्या कानावर घातली.

नाना म्हणजे आमच्या भागाचा पुढारी. महापालिकेत निवडून आलेला. तालीम त्याची, गणपतीचं मंडळ त्याचं, मटक्याचे अड्डेही त्याचेच. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा आम्ही सगळे त्याला अहो-जाहो करायचो. आता मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळावर आला, मागं तालमीची पोरं. वकिलांना बाहेर बोलावलं. वकील बनियनवरच आले. नानानं आईची घागर त्यांच्या हातात दिली.

"भरा."

"अहो, पण हे कायद्यानं..."

नानानं त्यांच्या मानेवर हात ठेवला. मारलं नाही. नुसता ठेवला. वकिलांनी घागर भरली.

"आता मावशीच्या डोईवर द्या उचलून."

आईनं डोक्यावर चुंबळ ठेवली. वकिलांचे हात थरथरत होते. पाणी हिंदकळलं, आईच्या तोंडावरून ओघळलं, आणि घागर चढली. बाया ओरडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आई तशीच उभी राहिली, मान ताठ. तिला मी तशी उभी राहिलेली कधी बघितली नव्हती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? खिडकीत वकिलीणबाई रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, रड. आणखी रड. पण एक गोष्ट मी बघितली. नाना वकिलांकडं बघतच नव्हता. आम्ही बघतोय का, ते तो बघत होता. त्यानं हात काढला तेव्हा वकिलांच्या मानेवर बोटांचे वळ उठले होते. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आईचं मत त्या दिवशी ठरलं. जन्माचं ठरलं.

पुढं निवडणुका आल्या की शहरातली शिकली-सवरलेली माणसं आमच्याकडं यायची. चिखल चुकवत, धोतराचा सोगा सावरत. एकदा एक प्राध्यापक आले होते. आईला म्हणाले, "बाई, भाऊबिजेच्या एका खणासाठी तुम्ही गुंडाला मत देता? काही विचार कराल की नाही?"

आईनं त्यांना पाणी विचारलं. ते म्हणाले, "नको, आत्ताच घेतलंय."

ते गेल्यावर आई हसली. म्हणाली, "नाना आलं की माज्या हातचं पानी मागून पित्यात. ह्येला माजं मत पायजे, पानी नको."

तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पेपरात नानाच्या विरोधात छापून आलं की वस्ती आणखी घट्ट व्हायची. नानाला गुंड म्हटलं की आपल्याच तोंडावर कुणी थुंकल्यासारखं वाटायचं. जे नानाला नावं ठेवत होते तेच आम्हाला नावं ठेवत होते. तीच माणसं, तोच नाकाला लावलेला पदर. मग आम्ही कुणाच्या बाजूनं उभं राहायचं होतं?

दर भाऊबिजेला नाना वस्तीत यायचा. चौकात पाट मांडलेला असायचा, भोवती रांगोळी. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. नाना म्हणायचा, "चंद्राला कशाला ववाळता? मी मेलोय व्हय?" बाया हसायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या. कितीतरी जणींचे भाऊ दुष्काळात देशोधडीला लागले होते. रांगेनं ओवाळायच्या. ताटात खण पडायचा, नव्या पेठेतल्या दुकानातला, कोरा करकरीत. मीही ओवाळलं. घरी सख्खा भाऊ असताना ओवाळलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग ती दिवाळी आली.

दादा तोवर यंत्रमागाच्या कारखान्यात लागला होता. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या नरसय्या नावाच्या विणकराची बोटं फिरत्या पट्ट्यात गेली. मालकानं चिंधी बांधायला दिली आणि माग का थांबवला म्हणून ओरडला. दादाला राहवलं नाही. तो बोलला. बाकीचे कामगार त्याच्या मागं उभे राहिले. माग बंद पडले.

दादा नानाकडं गेला. अडचणीत माणूस घरच्या माणसाकडं जातो, तसा गेला. आला तो खुशीत. "आये, च्या पाजला मला. खांद्यावर हात ठिवला. म्हनलं, मी बघतो."

त्यानं बघितलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, पाळी सुटताना कारखान्याच्या बोळात दादाला धरलं. तालमीचीच पोरं. तोंडं झाकलेली नव्हती. झाकायची गरजच नव्हती. एकानं विचारलं, "मालक नानांचा मानूस हाय, येवढं कळंना व्हय तुला?" मग दादाचा पाय दगडी पायरीवर ठेवला आणि वरून पहार घातली.

सिव्हिलमध्ये प्लास्टर घातलं. पोलीस आले नाहीत. आम्ही बोलावलेही नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आई येईल-जाईल त्याला सांगायची, "पोरं आगाव हायती. नानांच्या कानावर बी नसंल." दादा ऐकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

मी मात्र भीतच जगायला लागले. बाहेर फटफटी वाजली की हातातलं भांडं सुटायचं. वकिलीणबाईंची भीती वेगळी होती. ती पायरीखाली उभं राहण्याची भीती. ही भीती घरात येऊन आमच्या शेजारी बसली होती आणि आम्हाला तिच्याशी हसून बोलावं लागत होतं. आगीतून उठून आम्ही फुफाट्यात पडलो होतो.

भाऊबिजेच्या सकाळी तालमीतला एकजण दारात आला. अंघोळ केलेला, कपाळाला गंध, तोंडभर हसू.

"ताई, नानांनी मुद्दाम निरोप दिलाय. ह्या वर्साला पयल्यांदा तुमी ववाळायचं."

तो आत आला. दादाच्या खाटेजवळ वाकला, प्लास्टरवर टिचकी मारली. "दुकतंय का रं?"

दादा म्हणाला, "न्हाय."

तो गेला. न बोलताच सगळं कळलं होतं. मी ओवाळलं की मिटलं. माग अजून बंद होते. कामगार चौकात बघायला असणार होते. ज्याचा पाय मोडला त्याची बहीणच ओवाळतेय म्हटल्यावर बाकीचे कशाला तोंड उघडतील? आणि नाही ओवाळलं, तर दादाचा दुसरा पाय होताच.

"जा तू," दादा म्हणाला. "ववाळ. माजी शपत हाय तुला." आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. माझा दादा, जो मालकाला बोलला होता.

आईनं ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. मी लुगडं नेसले. चौकापर्यंतचा रस्ता कसा चालले ते मला आठवत नाही. आठवतं एवढंच की ज्योत विझू नये म्हणून मी हात आडवा धरला होता आणि मनात म्हणत होते, विझ. विझ ग बाई. विझली नाही.

नाना पाटावर बसला होता. पांढरा सदरा, डोक्यावर फेटा. भोवती बाया, बाजूला एक फोटोवाला. कामगार भिंतीला टेकून उभे होते. नरसय्याही होता, हाताला फडकं बांधलेला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"ये ताई," नाना म्हणाला आणि टोपी सारखी करावी तसा फेटा सारखा केला.

मी पुढं गेले. मी खरं सांगते, नाही म्हणायचं असं ठरवून मी गेले नव्हते. ओवाळायलाच गेले होते. ताट उचललं. ज्योतीच्या पलीकडं त्याचं तोंड दिसलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. भिंतीला टेकलेली माणसं बघतायत का, ते बघत होता.

माझा हात फिरेना.

"मला भाऊ हाय," मी म्हणाले. आवाज मलाच ओळखू आला नाही. "घरी पडलाय. पाय मोडून."

नाना हसला. तो हसला म्हणून लोक हसले.

"मग त्येला बी घिऊन यायचा की! मी काय खातो व्हय त्येला?"

आणि मग पुढं वाकून, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "घरातच ठीव त्येला. जपून."

मी वळले. ताट तसंच हातात. मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्याबरोबर येईल. निदान नरसय्या. त्याच्यासाठी तर हे सगळं झालं होतं. त्यानं खाली बघितलं. त्याची पोरं लहान होती. मागं आईचा आवाज ऐकू आला, "पोर खुळी हाय, नाना. मनावर घिऊ नगासा." आणि तिनं दुसऱ्या बाईचं ताट घेऊन त्याला ओवाळलं. मी मागं बघितलं नाही, पण बायांनी म्हटलेलं गाणं ऐकलं.

घरी येऊन कडी लावली. दादाला ओवाळलं. दादा ओक्साबोक्शी रडायला लागला. "काय केलंस ग? काय केलंस तू?" दोघं भाऊबहीण दाराकडं बघत बसलो.

दार वाजलं. आई होती. तिच्या हातात दोन खण. एक माझ्यापुढं टाकला. "तुज्यासाठी बी दिलाय. बघ किती मोटं मन हाय."

मी ओरडले. "आये, दादाचा पाय त्यानंच मोडलाय!"

"ठावं हाय मला."

दादानं खाटेवरून मान वळवली.

"पयल्या दिसापासनं ठावं हाय," आई म्हणाली. ती रडत नव्हती. चिडलेली होती. "मला काय दुधखुळी समजती का? पर माज्या डोईवर घागर कुणी ठिवली? वकील माज्यापुढं कुणी वाकवला? तेच्याबिगर दुसरं कोन आलं हितं आपल्यासाठी? नाव सांग. येक नाव सांग, उद्याच्याला त्येला मत देती."

मला नाव सांगता आलं नाही. मी जगात शोधलं आणि मला एक नाव सापडलं नाही. त्या दिवशी नानाची भीती वाटली त्याहून जास्त भीती मला त्या गप्प बसण्याची वाटली.

दादाचा दुसरा पाय त्यांनी मोडला नाही. त्याला कारखान्यातून काढलं, माग चालू झाले, तेवढ्यावर त्यांचं भागलं. दोन्ही खणांच्या चोळ्या आईनंच शिवून घातल्या. नाना पुढच्या निवडणुकीत आणखी वर चढला.

मला मताचा हक्क मिळाला तेव्हा आई आणि मी एकाच रांगेत उभ्या होतो. दाराशी तालमीची पोरं. आईनं तिचा शिक्का तिला हवा तिथं मारला, मी माझा मला हवा तिथं मारला. आईला मी अडवलं नाही. तिला देण्यासारखं माझ्यापाशी अजून काही नव्हतं, आणि रिकाम्या हातानं अक्कल शिकवणारी माणसं तिनं खूप बघितली होती.

मी शूर नाही. फटफटी वाजली की अजूनही माझ्या हातातलं भांडं सुटतं. सुटू दे. पण एक ठरलं आहे. ज्याची भीती वाटते त्याला मी भाऊ म्हणणार नाही. हात जोडून सांगा, खण देऊन सांगा, पाय मोडून सांगा. नाही म्हणणार.