शकुनने निवडलेला फिल्टर

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या सकाळी मनोहररावांचे सगळे पाळीव मासे मरून काचेच्या टाकीत तरंगत होते. शकुन नुकतीच पूजा आटोपून उठली होती. "तुझं गंगाजल ओतलंस ना यात?" असं ओरडत त्यांनी देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू उचलला आणि तिच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं. "अहो, देवाशपथ, मी हातही नाही लावला!" ती म्हणेपर्यंत दुसरा घाव खांद्यावर बसला.

बदलीच्या प्रत्येक गावात ती शेजारणींना एकच सांगत आली होती, मोरीत घसरले म्हणून.

दुपारी कपाळाला पट्टी बांधून ती त्यांच्याबरोबर बागबाजारच्या वॉटर फिल्टरच्या दुकानात उभी होती. माशांच्या पाण्यासाठी मनोहररावांना आरओचं मोठं मशीन हवं होतं.

"आरओ नको," शकुन बंगाली दुकानदाराला हिंदीत म्हणाली. "क्लोरीन काढणारा कार्बनचा फिल्टर द्या. काल ह्यांनीच नळाचं पाणी थेट टाकीत भरलं. त्यानेच मासे मेले."

मनोहररावांनी काउंटरच्या आड तिचं मनगट पिरगाळलं. "घरी चल, मग दाखवतो तुला."

"बौदी, डोक्याला काय झालं?" दुकानदाराने तिला वहिनी म्हणत विचारलं.

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. तिने मनातल्या मनात अंबाबाईचं नाव घेतलं.

"ह्यांनी मारलं," ती दुकानभर ऐकू जाईल अशी बोलली. "आणि आत्ता हात पिरगाळतायत."

गिऱ्हाइकं वळली. मनगट सुटलं. मनोहरराव बाहेर गाडीत जाऊन हॉर्न बडवत बसले. शकुनने पोलीस ठाण्याचा रस्ता विचारून घेतला आणि गाडीकडे न बघता ती तिकडे चालू लागली.