इंजिनाचं गॅस्केट

जळक्या ऑइलचा वास आला की परळच्या आमच्या गल्लीतला बाबांचा जुना ट्रक आठवतो. इंजिनाच्या जोडामधलं गॅस्केट जळून तो बंद पडला होता. एके दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला तो ओढून न्यायला येणार असताना, बाबा मला घेऊन गिरगावापर्यंत नव्या गॅस्केटसाठी दुकानं पालथी घालत होते. जुन्यावर ठेवून पाहिलं की प्रत्येकाचं एखादं भोक चुकायचं. "भंगारातच जाणार ना तो?" मी वैतागून विचारलं. "जाईल. पण ओढत नाही जाणार," बाबा म्हणाले. अखेर भोईवाड्यात एका बंद गॅरेजच्या मालकीणबाईंनी माळ्यावरून हवं तेच गॅस्केट काढून दिलं. सकाळी ते बसवून बाबांनी ट्रक स्वतः चालवत भंगाराच्या वखारीत नेला आणि इंजिन बंद न करताच खाली उतरले. ते नंतर कोणी बंद केलं असेल, हे अजून मनात येतं.