बेटावर सोललेलं नाव

मालकाने माझ्यासमोर माझं नाव सोलून काढलं. नखाने.

धरणाच्या मधल्या बेटावर, मोहाच्या झाडाखाली जेवणाचे डबे मांडले होते. प्रत्येक झाकणावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं नाव आणि आडनाव. तो एकेक डबा पुढे ओढायचा, चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलायचा आणि फर्रकन ओढायचा. गोंद पक्का होता. काही चिठ्ठ्या अर्ध्याच निघाल्या, आडनाव तेवढं झाकणाला चिकटून राहिलं. तिथे त्याने बोटाला थुंकी लावून घासलं. जेवणाच्या डब्यावर थुंकी. ती कोणाला खटकली नाही.

चाळीसेक माणसं ताटं घेऊन उभी होती. सगळी मराठी. बघत होती.

मग तो मला म्हणाला, "तू बोट में बैठ जा. खाना दुर्गा परोस देगी. बाद में जूठा उठा लेना, बस."

मी बोटीत जाऊन बसले. हो, बसले. पुढचं सगळं सांगायच्या आधी हे सांगते, कारण मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते.

मी रायपूरची. आजोबा अमरावतीकडून कामासाठी आले, बाबा शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यात लोखंड तापवता तापवता म्हातारे झाले. आम्ही बौद्ध. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. समता कॉलोनीत एका केटरिंगवाल्याकडे मी सहा वर्षं आहे. त्याला सगळे भैया म्हणतात. रायपूरहून दोनेक तासांवर धरण आहे, पाण्यात टेकड्यांची बेटं आहेत. मोठी बोट भाड्याने घ्यायची आणि दिवसभरात तीन बेटांवर उतरायचं. लोक त्याला क्रूज म्हणतात. म्हणू देत, कौतुकाला पैसे पडत नाहीत.

बोटीवरून बेटावर खाणंपिणं उतरवायचं काम माझं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आधी पाणी उतरतं, मग गरम डबे, बर्फाची पेटी सगळ्यात शेवटी. पळी मातीला टेकली की ती पळी बाद. गरम भात उन्हात दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर फेकायचा, मग कोणी कितीही चिडो. बेटावर एकदा उघडलेलं अन्न परत बोटीवर चढत नाही. हे मी केटरिंगच्या प्रशिक्षणात शिकले. आणि चिठ्ठीसुद्धा तिथेच शिकले: पदार्थ काय, कधी भरला, कधीपर्यंत खायचा, भरणारी कोण. काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून नाव. आमच्याकडे आधी कोणी असं करत नसे. मी सुरू केलं. रात्री झोपायच्या आधी चिठ्ठ्या लिहून ठेवायची मी, वळणदार अक्षरात. माझ्या घरात कोणाचं नाव याआधी कशावर लिहिलेलं नव्हतं, एक राशन कार्ड सोडलं तर.

त्या दिवशी एका मराठी मंडळाची सहल होती. बहुतेक ब्राह्मणपाऱ्यातली, जुन्या रायपूरची मंडळी. पहिल्या बेटावर मी साबुदाणा वडे आणि चहा उतरवला; वडे परातीत काढूनच दिले, झाकणं कोणी बघितली नाहीत. दुर्गा दीदी माझ्यासोबत वाढायला होती. तिच्याशी मी हिंदीत बोलत होते, पण मध्येच हात भाजला आणि तोंडातून "आई गं" निघालं.

मंडळाच्या सेक्रेटरी काकूंनी ते ऐकलं.

"अगं माय, मराठी का तू? मंग इतका वेळ हिंदीत काहून बोलून राहिली? आपलीच पोट्टी निघाली वं!"

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. गाव विचारलं, मी अमरावतीकडलं सांगितलं, तर त्यांचं माहेर तिकडचंच निघालं. मग काय, त्यांनी चार जणींना बोलावून मला दाखवलं. वडे खाल्ले. "चार खाल्ले मी, तुझ्यापायी उपासाची वाट लागली," म्हणाल्या. आडनाव त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लपवलं, असं नाही म्हणणार. पण सांगितलं नाही, हेही खरं. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की आता त्याचाच राग येतो.

दुसऱ्या बेटावर जेवण. मी डबे मांडले. काकू कौतुकाने पुढे आल्या, मसालेभाताचा डबा उचलला, झाकणावरची चिठ्ठी वाचली. डबा खाली ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता.

"हे नाव कोणाचं आहे?"

"माझं, काकू."

"तुझं?"

"हो."

"म्हणजे सकाळचे वडेपण तूच..."

"हो."

तुम्हीही आता वाचता वाचता ते आडनाव शोधत असाल. मी इथे नाही सांगणार. डब्यावर लिहिलेलं असतं, जेवायला या.

काकूंनी मला बाजूला घेतलं. आवाज अजून गोडच होता. "हे बघ, आम्ही काही मानत नाही. माझ्या सुनेच्या मैत्रिणी आहेत तुमच्यातल्या, घरी येतात. पण आज उद्यापन आहे आमचं, म्हातारी माणसं सोबत आहेत. उगाच त्यांच्या मनात किंतू नको. तुले समजते ना?"

"मले समजते," मी म्हणाले.

समजतेच कसं? मी तेहतीस वर्षांची बाई, शिकलेली, माझ्या कामात चोख. आणि माझ्या तोंडून असं पटकन निघालं, पाणी मागितल्यावर पाणी द्यावं तसं. काकू भैयाकडे गेल्या. काहीतरी बोलल्या. मग भैयाने नख लावलं.

बोटीत बिसाहू कका होते. बोट तेच चालवतात, धरणाकाठच्याच गावचे; छत्तीसगढीत बोलतात, मला नोनी म्हणजे पोरी म्हणतात. त्यांनी कांदा फोडून भाकर काढली होती.

"तैं नइ खावस का, नोनी?"

"भूख नइ लगत हे, कका."

ते बेटाकडे बघत चावत राहिले. मग म्हणाले, "भात तो तोरेच ए न? सबो झन खावत हें."

मी मान वळवली. खरंच, सगळे खात होते. मसालेभात खात होते, वांग्याची भाजी खात होते, बुंदी परत मागून घेत होते. काकू एका म्हाताऱ्या आजोबांना आग्रह करत होत्या. तो भात मी पहाटे उठून केला होता. तांदूळ मी धुतले होते, मसाला मी भाजला होता, डबे या हातांनी भरले होते. काकूंना ते माहीत होतं. भैयाला माहीत होतं. चिठ्ठीवरचं आडनाव एकमेकींच्या कानात सांगणाऱ्या बायकांनाही माहीत होतं. आणि दुर्गा दीदी कोण, कुठल्या जातीची, हे एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणजे अन्नाला विटाळ नव्हता. त्यांना भूक लागली होती, तर विटाळ पोटात मावला. मावत नव्हतं ते माझं नाव. मी रांधावं, वाहावं, उष्टं उचलावं, सगळं चालतं. फक्त मी आहे हे दिसू नये.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटायची थांबली आणि त्यांची वाटायला लागली.

बोट तिसऱ्या बेटाकडे निघाली. भैया माझ्याजवळ आला. "आगे वालों का भी निकाल दे." तिथे ताक आणि फळं द्यायची होती. मी चिठ्ठ्या काढल्या. आणि खिशातलं मार्कर घेऊन ताकाच्या कॅनवर, फळांच्या झाकणांवर पूर्ण नाव लिहिलं. हातभर मोठं. ती शाई घासून जात नाही.

बेटावर उतरल्यावर दुर्गा दीदी कॅन घ्यायला आली. मी म्हटलं, "रहने दो दीदी, आज मैं." झाडाखाली कॅन ठेवला, नाव त्यांच्याकडे करून. आणि बोलले.

"हे ताक मी केलं. फळं मी कापली. दुपारचा भातही मीच केला होता, मीच भरला होता, तुम्ही पोटभर खाल्ला. चिठ्ठी काढल्यानं हात बदलत नाही. ज्याले प्यायचं त्यानं माझ्या हातून प्यावं. ज्याले नाही प्यायचं त्यानं तहानलेलं राहावं. मी बाजूले होणार नाही."

एकीने पदराने तोंड पुसलं, जेवून दोन तास झाले होते तरी. कॉलेजातली एक पोट्टी पुढे आली, ग्लाससाठी हात पुढे केला, तर तिच्या आईने दंड धरून मागे ओढलं. आजोबा मात्र जागेवरून ओरडले, "ताक कुठं आहे?" आणि काकू शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेताने, "सकाळी किती गोड बोलून राहिली होती."

ताक तसंच राहिलं. उघडलेलं परत बोटीवर न्यायचं नाही. मी, दुर्गा दीदी आणि बिसाहू कका, तिघं पोटभर प्यायलो. बाकीचं मी मातीत ओतलं. चांगलं ताक होतं, जिरं भाजून घातलेलं. मला रडू आलं ते त्या वेळी.

परतीच्या गाडीत, रायपूर जवळ आलं तेव्हा, भैया बोलला. "पूरा नाम लिखने की जरूरत क्या है? पहला नाम लिख ले. या मेरा लिख दे. अगले इतवार फिर पार्टी है. सोच ले."

घरी आईला सांगितलं. वाटलं, ती पाठीवर हात ठेवेल. ती भाजी निवडत राहिली.

"काहून लिहिते आडनाव?" म्हणाली. "मी बारा वर्षं डबे दिले लोकाईले. कोणाले सांगितलं का? ताईचा डबा म्हणत, बस. तुले म्हणून तर कधी डबा पोचवाले धाडलं नाही. विचारलं असतं कोणी, तू बोलून गेली असती."

मला हे माहीत नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, मला सायकल नवी आहे, रस्त्यात पडेन म्हणून आई डबे द्यायला पाठवत नाही, जपते. आणि तेव्हाच मला उमगलं, सकाळी काकूंना आडनाव सांगायला माझी जीभ का वळली नाही. ते गप्प राहणं मला घरातच शिकवलेलं होतं, भाजी-पोळीसारखं. आईवर राग नाही आला. तिला चार तोंडं भरायची होती, तिने भरली. तिच्या डब्यांच्या पैशावर मीही वाढले. पण बारा वर्षं या बाईने रांधलं आणि तिचं नाव एकाही घरात पोचलं नाही, हे मला सहन होत नाही. बायका अजून विचारतात म्हणे, ती डब्यावाली ताई कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी भैयाला फोन केला.

"भैया, पूरा नाम लिखूँगी. नहीं तो डब्बा नहीं भरूँगी."

"ग्राहक टूटेगा."

"टूटे."

"तेरा काम भी जा सकता है."

"पता है."

तो हूं म्हणाला आणि फोन ठेवला. रविवारी गाडी मला घ्यायला येते की नाही, मला माहीत नाही. नाही आली तर दुसरीकडे काम शोधेन. तिथेही हेच होईल, तर तिथेही हेच करेन. आता कोणी गालावरून हात फिरवून विचारलं, तर मी आडनाव आधी सांगणार, गाव नंतर. "मले समजते" हे पुन्हा म्हणणार नाही. मला समजत नाही. तुम्हीच समजावून सांगा, चार लोकांसमोर, मोठ्याने.

मी भरलेल्या डब्यावर माझं पूर्ण नाव राहील. ते काढायचं असेल तर आधी अन्न ओतून द्यावं लागेल आणि उपाशी बसावं लागेल.