देवी गेटबाहेर

मी तैवानला काही देवदर्शनासाठी गेलो नव्हतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याने तिथून एक पॅकिंग मशीन घेतलं होतं, ते शिकायला मला पंधरा दिवस धाडलं होतं. शेवटच्या शनिवारी तिथला एक इंजिनीअर, माझ्याच वयाचा, म्हणाला, आज रात्री आमच्या देवीची पालखी निघते, चल. हॉटेलात बसून घरून नेलेले ठेपले मोजून खायचा मला वीट आला होता. गेलो.

आधी फटाके आले. लांबच लांब लाल माळा रस्त्यावर अंथरून पेटवल्या आणि धुराने समोरची दुकानंही दिसेनात. त्या धुरातून दोन-दोन पुरुष उंचीचे देव हात हलवत चालत आले. आत बांबूचा सांगाडा, सांगाड्यात माणूस, देवाच्या पोटाला एक चौकोनी भोक, त्यातून बाहेर बघणारे त्याचे घामेजलेले डोळे. मागे ढोल आणि आपल्या सनईपेक्षा कर्कश काहीतरी. दुकानादुकानापुढे टेबलं मांडलेली, त्यांवर फळं, बिस्किटं, चक्क कोल्ड्रिंकचे डबे. मग एकदम माणसं भर रस्त्यात ओळीने पालथी झोपली. इस्त्रीच्या शर्टातला साहेब, त्याच्या शेजारी भाजीवाली, तिच्या शेजारी प्लास्टर घातलेली एक मुलगी. ही देवी समुद्राची; तिची छोटीशी पालखी आशीर्वाद म्हणून त्यांच्या अंगावरून गेली. मी मोबाईल उंच धरून सगळं टिपत होतो आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होतो.

पुढे एक वीसएक मजल्यांची इमारत लागली. काचेची, नवी, गेटला आडवा दांडा, केबिनमध्ये वॉचमन. पालखी तिथे वळली. वॉचमनने दांडा वर केला, टोपी काढली आणि हात जोडून बाजूला झाला. पालखी सरळ पार्किंगमध्ये शिरली, गाड्यांच्या मधोमध तीनदा झुलली आणि बाहेर आली. मी इंजिनीअरला विचारलं, "रहिवासी तक्रार करत नाहीत? आवाजाची, कचऱ्याची?"

"करतात ना," तो म्हणाला. "पण इथे आधी घरं होती. देवी तेव्हापासून येते. तिला कोण सांगणार?"

तिला कोण सांगणार? मी सांगितलं होतं. लेखी.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात आमची सोसायटी आहे आणि मी तिचा सेक्रेटरी. जिथे आमचं पार्किंग आहे तिथे पूर्वी एका म्हातारीचं घर होतं. जागा बिल्डरला देऊन तिच्या कुटुंबाने बदल्यात फ्लॅट घेतले. ती सुनेबरोबर चौथ्या मजल्यावर राहते. चैत्रात गावदेवीची पालखी तिच्या दाराशी थांबायची. इमारत झाली तरी थांबत राहिली. म्हातारी लिफ्टने खाली यायची, पार्किंगमध्ये नारळ वाढवायची, पालखीच्या दांड्याला कपाळ टेकून वर जायची. गुडघे गेलेत, त्यामुळे खालच्या पार्किंगपलीकडे तिला पाऊल टाकवत नाही. वर्षातून एवढंच तिचं मागणं.

टाइल्सवर गुलाल पडतो, ढोलाने मुलांचा अभ्यास बुडतो, अशी कमिटीत कुरकुर सुरू झाली. खरं कारण कुणी मिनिट्समध्ये लिहिलं नाही. गाववाले एकदा आत यायला लागले की जागा आपली समजतील, ही भीती. जागा त्यांचीच होती, हे बोलायची आमची छाती नव्हती. गावाला शुद्ध मराठीत पत्र कोण लिहील, तर मी. "सविनय कळविण्यात येते की, पालखी सोसायटीच्या प्रवेशद्वारापर्यंतच आणावी." म्हातारीने मला जिन्यापाशी गाठलं होतं. "सायेब, आय माजे दारावं येते, तुमचे दारावं नाय. येवं द्या तिला." मी म्हणालो, आजी, नियम सगळ्यांना सारखे. त्या चैत्रात पालखी गेटवरून परतली आणि म्हातारी वर खिडकीत उभी राहिली. तिची खिडकी मागच्या बाजूला आहे. तिथून गेट दिसत नाही.

आणि मी परदेशात रस्त्यावर उभा राहून डोळे पुसत होतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. हॉटेलवर आल्यावर मी शहाण्याने तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'किती जपलीय यांनी परंपरा!' पटापट जोडलेले हात आले. ज्यांनी गुलालाची तक्रार केली होती त्यांचेच आधी.

परतल्यावर दोन दिवसांनी म्हातारीची सून बोलवायला आली. सासूबाईंना तो व्हिडिओ मोठ्या मोबाईलवर बघायचाय म्हणाली. मी गेलो. म्हातारीने फटाके पाहिले नाहीत, उंच देवांकडेही लक्ष दिलं नाही. "बिल्डिंगीत शिरते ता दाव," म्हणाली. मी दाखवलं. दांडा वर जातो तिथे तिने मला थांबवायला सांगितलं.

"वाचमननी आडवली नाय?"

"नाही."

तिने सुनेकडून कुंकवाची डबी मागून घेतली आणि माझ्या मोबाईलच्या काचेवर बोट टेकवलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "आजी, ही आपली देवी नाही. चिनी आहे."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "माजी गेटावं हाय ना. हिला आत घेतली, मंग हिलाच हात जोडतंय."

काचेवरचं कुंकू न पुसता मी मोबाईल खिशात ठेवला. खाली उतरताना ठरवलं, यंदा काहीही होवो, पालखी आत आणायची. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, तैवानची गोष्टही सांगितली. सगळ्यांना ती फार आवडली. मग हात वर करा म्हटलं, तर माझ्याशिवाय एकही हात वर झाला नाही. अध्यक्ष म्हणाले, गेल्या वर्षीचंच पत्र काढा, छान लिहिलंय, फक्त तारीख बदला.

राजीनामा देईन असं त्या रात्री बायकोला सांगितलं. सकाळी ऑफिसला जाता जाता वॉचमनने तारीख बदललेल्या पत्राची प्रिंट पुढे केली. मला उशीर होत होता. त्याच्याच पेनने मी सही केली.