सोफ्याखालचं मैदान

अन्वी, ईशान,

गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर सांगितलंत, की तिकडच्या क्लबात दर शनिवारी लहान मुलांना खेळ शिकवायचं काम तुम्ही घेतलंय. हौसेनं, फुकट. आणि अन्वीनं विचारलं, "आजी, तू कधी केलंस का असं?" मी म्हटलं, लिहून कळवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण माझा अपमान मराठीत झाला, म्हणून मराठीतच लिहिते. आई वाचून दाखवील. तिला सांगा, एकही वाक्य गाळायचं नाही.

"यांना मागच्या बाजूनं आणा ना. वास येतोय."

क्रीडा समितीतली एक बाई हे बोलली. नाकाला रुमाल लावून. 'यांना' म्हणजे माझी हिरावहिनी आणि तिच्याबरोबर आलेल्या मुर्ध्याच्या बायका. त्या दिवशी एकीनंही मासळीला हात लावला नव्हता. सकाळी न्हाऊन, अबोली माळून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणत हो, मॅडम. तुम्ही शिकलेल्या."

आता क्रमानं सांगते.

तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही मुंबईतली जागा विकून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेतला. मुर्धा तिथून जवळ. मुर्धा माझं माहेर. माझे वडील मिठागरावर राबले. आई डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची. मला मिशनच्या शाळेत घातलं. इंग्रजी आलं. कचेरीत नोकरी लागली. भाऊ मागेच राहिला.

त्या सुमाराला सरकारनं एक नवं धोरण काढलं. खेळ फक्त पदकं आणणाऱ्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी. ज्या मुली कधी मैदानावर आल्या नाहीत त्यांना आणा. गावठाणातल्या, वस्त्यांतल्या पोरांना आणा. त्यासाठी तिथलेच स्वयंसेवक उभे करा. स्टेशनजवळच्या हॉलमध्ये सभा झाली. मी पुढच्या रांगेत बसले आणि इंग्रजी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मला ते खरं वाटलं. जन्मभर सरकारी कागद वाचूनसुद्धा खरं वाटलं.

समितीचे सर खूश झाले. "मॅडम, तुमच्यासारख्या एज्युकेटेड लेडीजच पाहिजेत आम्हाला." मी म्हटलं, मी मुर्ध्याच्या मुलींना कबड्डीला आणते. माझं गाव आहे ते.

"तुम्ही मुर्ध्याच्या? वाटत नाही हो."

"मुर्ध्याचीच," मी म्हटलं.

मैदानाचा एक कोपरा आम्हाला मिळाला. खड्डे, खडी, बाटल्यांच्या काचा. वहिनीनं येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाय, यावर पोरी परल्या तं गुडगं फुटतील." दुसऱ्या दिवशी ती बायका घेऊन आली. मिठागराची जमीन कशी करतात ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. खाडीची चिकण माती पसरायची, पाणी मारायचं, आणि बायकांनी रांगेत, एकमेकींच्या कमरेला हात घालून, टाचांनी ती मळायची. वाळून भेगा पडल्या की पुन्हा पाणी, पुन्हा टाचा. होता होता जमीन घट्ट होते, आणि अंगाला खरचटत नाही. तेव्हा मिठागरं बंद पडत चालली होती, भराव येत होते. टाचा मात्र विसरल्या नव्हत्या. मीही रांगेत उभी राहिले. माझी भाची रेश्मा, हिरावहिनीची मुलगी, ओरडली, "आते, तुजा पाय हापिसवाला हाय! जोरात दे!" सगळ्या खिदळल्या.

ही रेश्मा. वर्गात बाईंनी उभं केलं तर तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. कोर्टावर मात्र एका दमात कबड्डी-कबड्डी करत समोरच्या रेषेला पाय लावून परत यायची. तिची शाळा सुटली होती. भाऊ तिला घरात बसवायला निघाला होता. मी भांडले. मैदानावर योजनेचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि त्यात आमच्या मुलींचा सामना होईल असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटी तो म्हणाला, "उद्घाटनाला एक म्याच बगतो. मंग ठरवू." रेश्माचं सगळं त्या एका सामन्यावर होतं. ती रोज अंधार पडेपर्यंत खेळायची.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही पोचलो, तर आमच्या कोर्टात मांडवाचे खांब. जमीन खणून पुरलेले. मधोमध गालिचा आणि पाहुण्यांचे सोफे. मांडववाला म्हणाला, "मॅडम, पूरे ग्राउंड में यही जगह लेवल है." खरंच होतं. बायकांनी महिनाभर टाचा झिजवल्या होत्या म्हणून होतं.

सर लगबगीनं आले. "बेस्ट जागा मिळाली, मॅडम. पाहुण्यांना धूळ नको."

"आणि मुलींचा सामना?"

"सामना इथल्या क्लबच्या मुलांचा आहे, मॅटवर. तुमच्या मुली कोळी डान्स करतील ना? सहभाग दिसला पाहिजे. दोघीतिघी ओवाळायला ठेवा. बायकांना पाणी, नाश्ता. सगळ्यांना स्वयंसेवकाचे बिल्ले आहेत हं."

म्हणजे सहभाग म्हणजे नाच. आणि सेवा म्हणजे पाण्याचे ग्लास. इतक्या लांबलचक पत्रकाचा अर्थ इतकाच.

वहिनीनं मला विचारलं, "बाय, आपल्याला खेलाला बोलावलं का नाचाला?" तेवढ्यात ती रुमालवाली बाई बोलली. वास येतोय. आणि मग माझ्या दंडावर तिचा तो हात.

पोरांनो, वास येतो हे मी लहानपणी ऐकलं होतं. शाळेत बाकावर शेजारी कुणी बसत नसे. तो राग मला ओळखीचा होता. पण "तुम्हाला नाही म्हणत" हे मला नवीन होतं. माझं इंग्रजी, माझी नोकरी, माझी इस्त्रीची साडी, या सगळ्याची एवढीच कमाई. मला वगळलं. माझ्या आईला नाही, वहिनीला नाही, भाचीला नाही. फक्त मला. आणि मी त्याबद्दल आभार मानावेत अशी तिची अपेक्षा. ती हसत होती.

मी तिचा हात काढला. म्हटलं, "मलाही म्हणा. मी यांच्यातलीच आहे. माझ्या आईच्या टोपलीवर मी शिकले."

मग वहिनीकडे वळले. "वहिनी, आपली जमीन मोकळी करू या."

वहिनीनं पदर खोचला. "कवाची वाट बगते."

मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या बायका त्या. सोफा म्हणजे काय! दोन सोफे उचलून त्यांनी खडीवर नेऊन ठेवले. सर धावत आले. "मॅडम, मॅडम, काय करताय?" तिसऱ्या सोफ्याला हात लागला तेव्हा, "मावशी, ऐका जरा." गालिचा ओढला तेव्हा, "ए बाई! कळत नाही का?" तीन हाकांत मी त्यांच्या लेखी मुर्ध्याची झाले.

रखवालदार येईपर्यंत रेश्मा रेषेवर जाऊन उभी राहिली होती. तिनं दम घेतला. खांबांच्या मधून वाकून धावली, पलीकडची रेषा शिवली, परत आली. लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं होतं. तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. भिंतीजवळ धुतला सदरा घालून माझा भाऊ उभा होता. त्यानं पाहिलं.

मग आम्हाला फाटकाबाहेर काढलं. दंडाला धरून. मलाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात सोफ्यांवर बसलेल्या पाहुण्यांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, महिलांचा उत्स्फूर्त सहभाग.

त्या संध्याकाळी भाऊ ओटीवर बसून होता. म्हणाला, "शिकून तुला काय मिललं गं, बाय? तुला पन भायेरच काढलं ना?" मग तो म्हणाला, "पोरगी खेलंल. पन त्यांच्यात न्हाय."

मी तेव्हा ठरवलं. जिथे आमच्या मुलींना खेळू देत नाहीत, तिथे मी सेवा करणार नाही. नंतर समितीची बोलावणी आली. मॅडम म्हणून आली. मी गेले नाही. सरकारचं धोरण वाईट होतं असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे कदाचित ते खरं असेल. इथे ते ज्यांच्या हातात पडलं त्यांना आमचे हात हवे होते, आम्ही नको होतो.

त्या मैदानाला आता जाळी आहे. आत जायला पैसे भरावे लागतात. आम्ही मुर्ध्यात आमचं कोर्ट केलं. तिथे इमारत आली. दुसरं केलं, त्यावरून रस्ता गेला.

तिसरं आहे. रविवारी सकाळी तिथे मुली कबड्डी खेळतात. रेश्माचं लग्न झालं, तरी शिकवायला तीच येते. तिथे उद्घाटन होत नाही, पाहुणे बोलावत नाहीत, कुणी कुणाला ओवाळत नाही. बघायला येईल तो जमिनीवर बसतो.