हायम मास्तरांचं भांडणाचं गणित

हायम मास्तर पनवेलच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि गणितापुढे त्यांना जेवणखाण सुचायचं नाही. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मुंबईच्या कुठल्याशा ग्रंथालयात त्यांनी वाचलं की दोन देशांची शस्त्रं कशी वाढत जातात तेही समीकरणात बसवता येतं. याची शस्त्रं वाढली की त्याची भीती वाढते, त्याची भीती वाढली की त्याचीही शस्त्रं वाढतात. झालं! मास्तरांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. पण देश आणायचे कुठून? मग त्यांनी खाडीकाठचे दोन पाडे धरले, वरचा आणि खालचा.

दोन्ही पाडे आगऱ्यांचे. खारं पाणी अडवणारा बांध दोघांत मिळून एकच, आणि शेतातलं पाणी कधी सोडायचं यावरून दोघांचं हाडवैर. श्रावणात मास्तर रोज संध्याकाळी सायकलवरून जायचे आणि दुरूनच बांधावरची माणसं मोजायचे. आज वरच्या पाड्याची वाढली, उद्या खालच्याची. हातात काठ्या, पहारी, फावडी. आलेख आपला चढतोय.

"पिठोरी अमावस्येला डोकी फुटणार," ते बायकोला म्हणाले.

अबीगेल भाकरी थापत होती. "पाड्यावरच्या काशीरामला विचारा की. तुमचाच विद्यार्थी ना तो?"

"विचारलं की माणसं सावध होतात, आकडे बिघडतात."

काय हा शहाणपणा! अमावस्येच्या आदल्या दिवशी ते आलेख घेऊन मामलेदारांकडे गेले. मामलेदार शिकलेले, त्यांनाही समीकरण आवडलं. अमावस्येला सकाळीच पोलिसांनी दोन्ही पाड्यांतले धडधाकट पुरुष उचलून कचेरीत आणून बसवले.

भर दुपारी अमावस्येचं मोठं उधाण आलं. आता ही गोष्ट खाडीकाठच्या शेंबड्या पोराला ठाऊक होती, फक्त मास्तरांना नव्हती: भांडण कितीही पेटलेलं असो, उधाण जवळ आलं की दोन्ही पाडे बांधावर राखणीची माणसं वाढवत नेतात, एकाने खिंडार दाखवलं की दुसरा धावतो. त्या दुपारी धावायला फक्त बायका होत्या. त्यांनी टोपल्यांनी माती टाकली, ती पुरली नाही. बांध फुटला आणि खारं पाणी उभ्या भातात शिरलं. त्या जमिनीत पुढची दोनतीन वर्षं भात होणार नव्हतं.

मामलेदार रस्त्यात भेटले. "मास्तर, तुमचं गणित खरं ठरलं हो. मारामारी टळली." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टळली म्हणे! होणार नव्हती हे आता कोण कुणाला दाखवणार?

शेवटी न राहवून ते बांधावर गेले. दोन्ही पाड्यांची माणसं खिंडार बुजवत होती. काशीराम गुडघाभर चिखलात उभा होता.

"मामलेदारांना मीच सांगितलं रे," मास्तर म्हणाले. मान वर करायची त्यांना लाज वाटत होती.

"ठाव हाय आमाला."

"मग कुणी मला बोललं का नाही?"

काशीरामने फावडं चिखलात रोवलं.

"तुमी रोज सायकलवरून येऊन बघत व्हता," तो म्हणाला. "आमाला वाटलं, मास्तरांना आमची काळजी हाय."