आजोबांनी हातात घेतलेला दात

माझी आई रामकली फिजीतल्या रेवा नदीकाठच्या उसाच्या मळ्यात निंदणी करायची. पाच वर्षांचं गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार. गोऱ्या साहेबाच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकलं की तुरुंग. माझा बाप वाइसेआ, नदीपलीकडचा फिजियन, मासे विकणारा. आपल्या माणसांनी त्यांच्या गावात राहायचं नाही, त्यांनी आपल्या चाळीत यायचं नाही, असा साहेबाचा कायदा. आणि साहेबाहून कडक माझे आजोबा झिंगुरी, मळ्यातले मुकादम.

वाइसेआला आपली बोली थोडी यायची, पण ती त्याने होडीत बसून आजोबांचं ओरडणं ऐकत उचललेली. त्यामुळे बांधाला होडी लावली की तो आईला अगदी मायेने म्हणायचा, "चल गं आळशे, हात उचल!" इतकं गोड माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं, असं आई सांगायची.

आजोबांनी तिचं लग्न ठरवलं, दोन गाई असलेल्या भगेलूशी. त्याने नुकताच आणखी पाच वर्षांच्या गिरमिटावर अंगठा दिला होता, आणि बायकोचाही देणार होता.

"म्हणजे मी नदी ओलांडायचीच नाही का, बाबा?"

"कशाला ओलांडायची? पाणी इथेही तेच आहे."

गिरमिट सुटल्याचा कागद हातात पडला, त्या दिवशी आई घरी आलीच नाही. कचेरीतून थेट वाइसेआच्या होडीत.

चौथ्या दिवशी वाइसेआचे काका दहा माणसं घेऊन आले आणि चाळीपुढे मांडी घालून बसले. आजोबा लाठी घेऊन बाहेर. काका मान खाली घालून बराच वेळ बोलले. आजोबांना अक्षर कळलं नाही. मग काकांनी देवमाशाचा दात पुढे धरला, चांगला काकडीएवढा. आजोबांच्या तोंडात तेव्हा एकच दात उरलेला. त्यांना राहवेना. लाठी भिंतीला टेकवून त्यांनी तो हातात घेतला. "अबब! हा कुणाच्या तोंडातला?"

दहाही जणांनी ओंजळी करून एकदम टाळ्या वाजवल्या. उभ्या जन्मात आजोबांसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी खुशीत येऊन सलाम ठोकला.

शेजारच्या जसोदियाला त्यांची भाषा यायची. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "मुकादम, लेक दिलीत की हो!"

"कधी?"

"आत्ता. त्यांच्यात दात घेतला म्हणजे राग गिळला."

"अगं, मी नुसता बघायला घेतला!"

त्यांनी दात परत पुढे केला. सगळ्यांचे हात पाठीमागे गेले.

"पोरीला सांगा, मी स्वतः येऊन परत करणार!" आजोबा गरजले.

पुढच्या रविवारी गेलेही. "कुणाला विचारून आलीस इथे?"

"कुणालाच नाही, बाबा. पाच वर्षांत पहिल्यांदाच."

मग ते अकरा वर्षं दर रविवारी जात राहिले. नारळाच्या रसातला मासा खायचे, मला मांडीवर घ्यायचे आणि निघताना कपाळावर हात मारायचे. "बघ रामकले, दात पुन्हा घरीच राहिला."

"असू दे, बाबा. पुढच्या रविवारी आणा."